हलवा, ओळखा, मंग उघडा

दीपमालाची कंपनी पाहायला बाहेरगावचा माणूस आला, की तो आधी आमच्या घराला एक चक्कर मारतो. कंपनी म्हटल्यावर गेट पाहिजे, भोंगा पाहिजे, खाकी कपड्यातला एखादा मिशीवाला पाहिजे. आमच्याकडे यातली फक्त मिशी आहे, ती माझी, आणि मी ओट्यावर बसलेला असतो. तो विचारतो, "बाबा, इथं ते स्टार्टअप कुठं आहे?" मी म्हणतो, "हे काय, गोठ्यात."

त्याला वाटतं म्हातारा थट्टा करतो. पण खरंच गोठ्यात आहे. आमची चांद्या-पवळ्याची जोडी म्हातारी होऊन गेली, माझ्या पोरानं, गणेशनं, ट्रॅक्टर घेतला आणि गोठा रिकामा पडला. दीपमाला ही गणेशची पोरगी. पुण्याहून आली, गोठ्यात फरशी टाकून घेतली, चुना मारला आणि म्हणाली, "आबा, हे आपलं ऑफिस." बैलांचे दोन खुंटे मात्र तिनं उपटू दिले नाहीत. आज चांद्याच्या खुंट्याला कॉम्प्युटरची वायर गुंडाळलेली असते आणि पवळ्याच्या खुंट्याला विमलबाईची पिशवी लटकते. पवळ्या असता तर त्यानं ती पिशवी खाल्ली असती. एकदा भर पोळ्याच्या मिरवणुकीत त्यानं माझ्या धोतराचा सोगा खाल्ला होता आणि मी सरपंचाच्या मागं मागं... पण ते राहू द्या. दीपमालाचं सांगतो.

ही पोरगी लहानपणापासून हरायला तयार नाही. आणि तेही कशात, तर खिरापतीत.

आमच्याकडे भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत पोरींची भुलाबाई असते. संध्याकाळी गल्लीतल्या पोरी एकेकीच्या घरी जमतात, भुलाबाईच्या मातीच्या मूर्तीपुढं टिपऱ्या घेऊन गाणी म्हणतात, आणि गाणी संपली की खिरापत. खिरापत म्हणजे प्रसाद, पण तो सुखासुखी हातावर पडत नाही. ज्या घरची खिरापत, ती पोरगी झाकण लावलेला डबा घेऊन मधे बसते. बाकीच्या तो डबा कानाशी नेऊन हलवतात, वास घेतात, विचारतात, "गोड का तिखट?" "तळेल का भाजेल?", म्हणजे तळलेलं का भाजलेलं. ओळखली तर त्या जिंकल्या. नाही ओळखली तर सगळ्यांनी मिळून "हारलो" म्हणायचं, मगच झाकण निघतं. आपली खिरापत कोणालाच ओळखू आली नाही, यापरता मोठा मान त्या वयात दुसरा नाही.

दीपमाला दुसरीत होती, तेव्हा आमच्या घरची पाळी आली. तिच्या आईनं, म्हणजे आमच्या सुनेनं, कोकिळेनं, मुरमुऱ्याचे चांगले लाडू केले. आईची पाठ वळल्याबरोबर हिनं लाडू काढले आणि डब्यात दही घातलं. तिचा विचार सरळ होता. दह्याची खिरापत आजवर कोणी आणली नाही, मग ओळखणार कोण? शेजारची मंजुश्री अंगानं थोराड. तिनं डबा डोक्यावर नेऊन असा गदागदा हलवला की झाकण एकीकडं आणि दही मंजुश्रीच्या वेणीवरून खाली. सगळ्या पोरी एका सुरात ओरडल्या, "दही!" कोकिळेनं धपाटे घातले, त्याचं हिला काहीच नाही. पण "आबा, ओळखलं ना त्याइनं!" म्हणून माझ्या मांडीवर डोकं खुपसून अशी रडली, की जेवलीच नाही.

पुढं ती शिकली, अमरावतीला इंजिनीअर झाली, पुण्यात मोठ्या ऑफिसात लागली. तिथं काय काम चालतं हे तिनं मला बऱ्याचदा समजावलं आणि मी बऱ्याचदा समजल्यासारखं केलं. एका कोजागिरीला कोकिळेनं पाठवलेल्या शंकरपाळ्यांचा डबा घेऊन ती ऑफिसात गेली, टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "आधी ओळखा." चहा थंड व्हायच्या आत सगळा मजला गोळा. मोठमोठी माणसं डबा कानाला लावून, डोळे मिटून उभी. तिचे साहेब तर जिद्दीला पेटले. बदाम म्हणाले, बिस्किटं म्हणाले, खडीसाखर म्हणाले, शेवटी हात जोडून "हरलो" म्हणाले.

त्या दिवशी पोरीच्या डोक्यात किडा शिरला. आपल्याकडची किती माणसं शहरात जाऊन बसली आहेत, त्यांच्या घरी दर महिन्याला एक बंद डबा गेला तर? आधी हलवायचा, ओळखायचा, मगच उघडायचा. भुलाबाई वर्षातून एकदा, हा खेळ बारा महिने.

आणि तिनं नोकरी सोडली.

कोकिळा आठवडाभर भांड्यांशी बोलली, माणसांशी नाही. "लोकायच्या पोरी गोठ्यातून पुण्याले जाऊन राह्यल्या, अन् आमची पुण्याहून गोठ्यात येऊन राह्यली," हे ती तव्याला म्हणाली, पण मला ऐकू जाईल अशा बेतानं. शेवटी मायलेकींत करार झाला. मुदत पुढच्या कोजागिरीपर्यंत. तोवर लोक आपणहून "पुढचा डबा कधी?" असं विचारायला लागले, तर दीपमाला इथं राहणार. नाही तर पुणं, आणि पुन्हा गोठ्याचं नाव काढायचं नाही. साहेबांनीही म्हणून ठेवलं होतं, कोजागिरीपर्यंत कळव, तुझी खुर्ची ठेवतो.

मी करारात साक्षीदार. साक्षीदार कसला, मी आधीच फितूर. मला पोरगी घरात पाहिजे होती. नात घरात असली की ओट्यावर दोनदा चहा येतो आणि गोष्ट सांगितली की "मंग काय झालं?" म्हणणारं कोणीतरी असतं.

कंपनीत माणसं मोजकी. राबिया ही रज्जाकभाईची पोरगी. रज्जाकभाई आमच्या देऊळघाटच्या बसस्टँडजवळ पत्र्याच्या पेट्या, कोठ्या, डबे करतो. राबिया आणि दीपमाला बालवाडीपासून एका डब्यात जेवलेल्या; सगळा व्यवहार राबियाकडं. शिवम चिखलीला कॉम्प्युटर शिकला. फोनवरचं जे काही असेल ते त्याच्याकडं. आणि त्याची आई विमलबाई. गावातल्या लग्नाची बुंदी तिच्या हाताशिवाय पडत नाही, आणि भुलाबाईचं गाणं ती उभ्या उभ्या रचते. डबे अर्थातच रज्जाकभाईचे. झाकणावर छापलेलं, "हलवा, ओळखा, मंग उघडा."

शिवम म्हणाला होता, "ताई, 'मंग' नको. पुण्याचे लोक हासतीन."

"हासू दे ना बे. हासले म्हंजे घेतीन."

घेतलेही. संक्रांतीला पहिले डबे गेले, तिळाच्या लाडवांचे. ज्यांनी बरोबर ओळखलं, त्यांचं नाव विमलबाई पुढच्या महिन्याच्या गाण्यात गुंफायची, शिवम ते गाणं फोनवर सगळ्यांना पाठवायचा. ठाण्याच्या एका काकूंसाठी तिनं रचलेलं मला अजून पाठ आहे:

ठाण्याची काकू चतुर फार,
डबा हलवते वारंवार,
कानाशी नेला, नाकाशी नेला,
शेजारणीचा चहा थंड झाला!

या काकूंचं नाव पुष्पांजली. माहेर हिवरा आश्रमाचं, लग्न होऊन ठाण्याला गेल्या त्या तिकडच्याच झाल्या. त्यांचं नाव लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

तर संक्रांतीच्या लाडवांचे निकाल आले. शिवम खुंट्याभोवती नाचत सुटला, "ताई, जवळपास सगळ्यायनं ओळखलं! लोक लय खूश हायेत!"

दीपमालाचं तोंड उतरलं. "सगळ्यायनं?"

"हाव! गडगड वाजले ना लाडू."

राबिया कपाळाला हात लावून बसली. "आपलं नाक कापलं वं दीपा."

विमलबाई तर पेटलीच. "माह्या हातची खिरापत अन् पुण्याच्या पोट्ट्यायनं ओळखली? असं कसं?"

इथून आमची कंपनी बिघडली. म्हणजे कामात नाही, कामाला सगळे वाघ. पण गिऱ्हाइकाला ओळखता आलं म्हणून ते खूश आहे, हे त्यांच्यातल्या एकालाही दिसेना. भुलाबाईच्या अंगणात वाढलेल्या पोरी त्या. डबा ओळखला गेला म्हणजे आपण हरलो, एवढंच रक्तात. मी जन्मात नाना तऱ्हेचे व्यापारी पाहिले. गिऱ्हाइकाला चहा पाजणारे पाहिले, गिऱ्हाइकाला बनवणारे पाहिले. पण रोज सकाळी मीटिंग घेऊन "आज गिऱ्हाइकाले हारवाचं कसं?" असा विचार करणारी कंपनी मी ही एकच पाहिली.

लाडू एकेक करून कापसात गुंडाळून पाहिले. फुटाण्यांत एकच सुका आवळा टाकला, म्हणजे ऐकणारा गोंधळावा. रज्जाकभाईनं दुहेरी तळाचा डबा केला आणि छाती काढून मला म्हणाला, "भगवानभाऊ, इसमें आवाज घुमेगी, निकलेगी नई!" आणि प्रत्येक नवी युक्ती आधी माझ्यावर तपासायची. संध्याकाळी डबा माझ्या हातात यायचा, मी हलवायचा, आणि "हारलो" म्हटलं की सगळे टाळ्या वाजवायचे. माझा डावा कान केव्हाच निवृत्त झाला आहे आणि उजवा बोलावल्याशिवाय येत नाही, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. मीही आठवण दिली नाही. तपासणी झाली की डब्यातलं मलाच मिळायचं.

तरी पुष्पांजलीकाकू हरेनात. आवळा ओळखला. दुहेरी तळातले मेथीचे शंकरपाळे ओळखले, वर "या खेपेला मेथी जरा जास्त भाजलीत" असंही कळवलं. दर गाण्यात त्यांचं नाव घालून विमलबाई कंटाळली. दीपमालानं मग शपथच घेतली, "काकूले हारवल्याशिवाय मी कोजागिरी करत नाई."

आणि कोजागिरी म्हणजे तीच मुदत.

युक्ती राबियानं काढली. "मलिदा. आमच्याकडं दर्ग्यावर नेतात तो. पोळ्या दोनदा कडक भाजाच्या, कुस्कराच्या, गूळ अन् तूप."

"आमच्याकडं काय वेगळा करतेत?" विमलबाई म्हणाली.

"पन काकी, तो दाबून भरला त?"

सगळे एकमेकांकडं पाहत राहिले. दाबून, काठोकाठ भरलेला मलिदा. हलायला जागाच नाही, मग वाजणार काय?

मग काय विचारता. चिखलीहून गूळ आला, घरचं तूप, गोठाभर पोळ्या. विमलबाई कुस्करायची, राबिया भरायची, दीपमाला वरवंट्यानं दाबायची. रज्जाकभाई स्वतः येऊन झाकणं अशी बसवून गेला की वास म्हणून बाहेर येईना. भरलेला डबा माझ्याकडं आला. मी हलवला. काही नाही. उजव्या कानाशी नेला. काही नाही. नाकाशी नेला, तिथंही काही नाही.

"हारलो," मी म्हणालो, आणि या वेळी खरंच हरलो होतो.

टाळ्या, शिट्ट्या, शिवम खुंट्याभोवती. कोकिळा दारात तांदूळ निवडत बसली होती. सुपातून मान वर न करता म्हणाली, "वाजत नाई, त लोकं ओळखतीन कायच्यावरून?"

"तेच त आई!" दीपमाला म्हणाली. "तेच त!"

डबे गेले. त्या खेपेला सगळ्यांत जास्त डबे होते, कारण कोजागिरी. लोकांनी आपल्या भावांना, मावश्यांना, शेजाऱ्यांना पाठवायला सांगितले होते. दीपमाला फोन हातात घेऊन बसली, आता लोक "हारलो, हारलो" करत येतील म्हणून.

पहिला फोन नागपूरहून आला. "ताई, डबा रिकामा आलाय."

दुसरा नाशिकहून. "अहो, तुमच्याकडं भरायचं राहून गेलं वाटतं."

मग रांगच लागली. आमचे गिऱ्हाईक बिचारे नियमाचे पक्के. आधी ओळखा, मग उघडा, असं आम्हीच झाकणावर छापलेलं. हलवला तर आवाज नाही. म्हणजे आत काही नाही. आत काही नाही तर ओळखायचं काय? ओळखता येत नाही तर उघडायचं कशाला? पत्र्याचा डबा मुळात जड, त्यात कोणी काटा लावून पाहतो का? कित्येकांनी झाकणाला हातही न लावता डबा जसाच्या तसा परत धाडला. कुरिअरचा माणूस पोतंभर डबे घेऊन गोठ्यात आला आणि म्हणाला, "ताई, हे वापस." दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. चांद्याच्या खुंट्यापासून पवळ्याच्या खुंट्यापर्यंत डब्यांची भिंत उभी राहिली. राबियानं एक उघडून पाहिला. मलिदा जागच्या जागी, बोटाचाही ठसा नाही.

सगळ्यांत शेवटी ठाण्याच्या काकूंचा आवाज शिवमच्या फोनवर आला. त्यानं सगळ्यांपुढं लावला. "कोजागिरीच्या तोंडावर मला रिकामा डबा पाठवता? माझी थट्टा करता? मी बाहेरगावची झाले म्हणून? पुढच्या महिन्यापासून माझं नाव काढून टाका."

विमलबाईनं पिशवी खुंट्यावरून काढली, पुन्हा लटकवली.

त्याच दुपारी कोकिळेनं माळ्यावरून दीपमालाची पुण्याची बॅग काढली, धुतली आणि अंगणातल्या दोरीवर उन्हात टाकली. बॅगेतून पाणी टिपटिप गळत होतं आणि आम्ही सगळे तिकडं न पाहता ते ऐकत होतो. मीसुद्धा. उजवा कान त्या दिवशी न बोलावता आला.

शिवम म्हणाला, "ताई, सगळ्यायले मेसेज टाकतो. डबा रिकामा नाई, आत मलिदा हाये."

दीपमाला एकदम उसळली. "खिरापत सांगत असतेत का बे?"

"ताई, कंपनी बुडून राह्यली!"

"बुडू दे. सांगाची नाई म्हंजे नाई!"

"अवं पन तू पुण्याले चालली ना मंग!" राबिया म्हणाली.

दीपमाला उठली आणि ओट्यावर माझ्याजवळ येऊन बसली. मी तिला पवळ्याची गोष्ट सांगायला घेतली. सरपंचाच्या मागं मी कसा आडवा-तिडवा चाललो, हे निम्म्यावर आलं तरी "मंग काय झालं?" नाही. तेव्हा मला कळलं, की हे दुखणं मोठं आहे.

संध्याकाळी आमच्या अंगणात गल्लीतल्या पोरींची भुलाबाई होती. दोरीवर बॅग, खाली भुलाबाई. गाणी झाली. करिष्मा नावाची एक एवढीशी पोरगी खिरापतीचा डबा घेऊन मधे बसली. पोरींनी हलवला. वाजेना. तिनंही दाबून भरलेला! मी मनात म्हटलं, घ्या, ही साथ गावभर पसरली.

पण पोरी काही उठून गेल्या नाहीत. "गोड का तिखट?"

"गोड," करिष्मा म्हणाली, मान वेळावून.

"पांढरं का लाल?"

"सांगत नाई."

"सांग ना वं!"

"लाल बी नाई, पांढरं बी नाई."

"चाटाचं का चावाचं?"

करिष्मानं ओठावर जीभ फिरवली, आणि पोरी खिदळल्या, आणि एक ओरडली, "शिरा!" करिष्मा तोंडावर हात घेऊन हसायला लागली. ओळखलं गेल्याचं तिला काहीच वाटलं नाही. डबा वाजत नव्हता, पण पोरगी वाजत होती.

दीपमाला माझ्याजवळून ताडकन उठली.

"आबा, आपन डबे पाठवले. पोरगी त पाठवलीच नाई!"

मला काही समजलं नाही. ती गोठ्याकडं पळत सुटली आणि आतून तिचा आवाज आला, "शिवम, काकूचा नंबर लाव! मेसेज नाई, फोन लाव!"

आम्ही सगळे गोठ्यात जमलो. फोन मोठ्यानं लावला होता.

"काकू, मी देऊळघाटहून दीपमाला."

"मला काही बोलायचं नाही. डबा रिकामा होता."

"काकू, सध्या कुठं हाये तो डबा?"

"दाराशी ठेवलाय. वाऱ्यानं दार आपटतं, म्हणून अडसर लावलाय. तेवढा तरी उपयोग."

दीपमालानं ओठ चावला. "रिकाम्या डब्यानं दार अडते का काकू?"

पलीकडं काहीतरी सरकल्याचा आवाज, आणि दार धाडकन आपटल्याचा.

"अगं बाई," काकू म्हणाल्या. "जड आहे."

"हाव."

"पण वाजत नाही."

"वाजत नाई त विचारा ना मले. मी बसली ना डब्याजवळ."

काकू बोलल्या तेव्हा आवाजातलं ठाणं थोडं मागं सरकलं होतं. "गोड का तिखट?"

"गोड."

"तळेल का भाजेल?"

"भाजेल. पन दोनदा."

"दोनदा? थांब. कुटेल का कुस्करेल?"

दीपमालानं आमच्याकडं पाहिलं. राबिया मान हलवत होती, सांगू नको, सांगू नको. विमलबाईनं पदर तोंडात धरला. या पोरीनं आयुष्यात आपली खिरापत कोणाला आपणहून दिली नव्हती.

"कुस्करेल," ती म्हणाली.

"अवं माय!" काकू किंचाळल्या. ठाणं संपलं, हिवरा आश्रम आलं. "मलिदा! मलिदा हाये ना वं पोरी? दाबून भरला काय वं तुम्ही चोट्ट्यायनं?"

"ओळखली!" दीपमाला एवढ्या जोरात ओरडली की अंगणातल्या पोरी आत धावल्या. हरली होती, ठार हरली होती, आणि डोळ्यांत पाणी घेऊन हसत होती. पलीकडून झाकण उघडल्याचा आवाज आला, मग भरल्या तोंडानं काकू म्हणाल्या, "माही माय असाच करे. पुढचा डबा कधी येते वं?"

कोकिळा दारात उभी होती. तिनं ते ऐकलं. मी तिच्याकडं पाहिलं, तर ती म्हणाली, "काय पाहून राह्यले मामाजी? एकीनं विचारलं. एक म्हंजे लोकं नाई."

पण मग फोनच फोन. ज्यांच्याकडं डबा होता, त्यांना "विचारा" म्हणून. ज्यांनी परत पाठवला, त्यांना "तुमचा डबा इथं रडून राह्यला, विचारा आता" म्हणून. घरातले, शेजारचे, सगळे फोन जमा केले. रज्जाकभाईला एक दिला. पलीकडच्या बाईनं विचारलं, "गोड का तिखट?" तर हा म्हणाला, "मलिदा है बहन, और क्या." राबियानं त्याच्या हातून फोन काढून घेतला. एक मलाही दिला. सोलापूरचे कोणी गृहस्थ होते. त्यांनी विचारलं, "भाजलेलं आहे का?" मी म्हटलं, भाजण्यावरून आठवलं, आणि त्यांना आमच्या काकानं भर शेतात भरीत भाजताना काय झालं होतं ते सांगायला लागलो. गोष्ट वांग्यापर्यंतही पोचली नव्हती, तर ते म्हणाले, "आजोबा, हरलो." कंपनीच्या वतीनं मिळवलेला हा माझा एकमेव विजय.

दुसऱ्या दिवशी परत आलेले डबे पुन्हा धाडायचे होते आणि शिवमची पोती फाटलेली. तो अंगणात उभा राहून इकडंतिकडं पाहत होता. कोकिळेनं दोरीवरची बॅग काढली, आतून हात फिरवून वाळली का पाहिली आणि त्याच्यापुढं टाकली. "याच्यात ने. मजबूत हाये. पुण्याले जाऊन-येऊन राह्यलेली हाये." शिवम मोटारसायकलवर बॅग बांधून बुलढाण्याला कुरिअरकडं गेला. आम्ही कोणीच काही बोललो नाही. अशा वेळी बोललं की कोकिळा बॅग परत मागते.

कोजागिरीला दूध आटायला ठेवलं, अंगणात पोरी जमायच्या होत्या, आणि फोन अजून चालूच. आता लोक आपणहून करत होते. "आमच्या मावशीचा डबा उघडायचाय, विचारू का?" आणि डबा उघडला की शेवटी एकच, "पुढचा कधी?" दीपमालाच्या हातात दोन फोन, राबिया घसा बसलेली, विमलबाई नवं गाणं रचतेय. एक फोन चुलीजवळच्या फळीवर वाजायला लागला. कोणी उचलेना. शेवटी कोकिळेनं पळी खाली ठेवली आणि उचलला. मी शेजारीच होतो, दुधाच्या आशेनं.

"नमस्कार," पलीकडचा आवाज अगदी धुतलेला. "दीपमाला आहेत का?"

"त्या कामात हायेत. मले विचारा. गोड हाये."

"काय?"

"गोड. तिखट नाई. पुढं विचारा."

"अहो, मी पुण्याहून बोलतोय, त्यांच्या ऑफिसमधून. आज त्या कळवणार होत्या. त्यांची खुर्ची..."

कोकिळेनं पदरानं कपाळ पुसलं. गोठ्याकडं पाहिलं. तिथून दीपमालाचा आवाज येत होता, "नाई काकाजी, बर्फी नाई! हारले म्हना!" आणि मागून सगळ्यांचं हसू.

"साहेब," कोकिळा म्हणाली, "हारले का?"

"मी... म्हणजे, त्यांनी मागं एकदा ऑफिसमध्ये डबा आणला होता, तसलंच काही आहे का हे?"

"तसलंच हाये. हारले का, ते सांगा."

पलीकडचा माणूस हसला. "हरलो म्हणा."

"बरं मंग. कोजागिरीचा नमस्कार घ्या," म्हणून कोकिळेनं फोन ठेवला आणि दूध ढवळायला लागली.

दीपमाला धावत आली. "आई, कोनाचा होता?"

"तुझ्या साहेबाचा."

दीपमाला जागच्या जागी थांबली. मागून राबिया, शिवम, विमलबाई, सगळे दारात. "काय म्हने?"

"काय म्हनन? हारले म्हने." कोकिळेनं पळी कढईच्या काठावर आपटली. "पन लय सभ्य मानूस हाये बिचारा. एक डबा पाठोय त्याले. आमच्याकडून."

दीपमालानं आईला मागून धरलं, तर ती म्हणाली, "सर, दूध उतू जाईन." पण सरकली नाही.

राबियानं बसक्या घशानं विचारलं, "साहेबाच्या डब्यात काय भराचं?"

दीपमाला आईच्या खांद्यावरून माझ्याकडं पाहून हसली. ते दुसरीतलं हसू मला चांगलं ओळखू येतं.

"दही," ती म्हणाली.